जॅक्सन पोलॉक: दारू, एक रात्र, सीआयए आणि पाच वर्षांचं पोर

दर काही महिन्यांनी एक मजकूर फिरत फिरत येतो. सोबत जॅक्सन पोलॉकच्या एखाद्या चित्राचा फोटो आणि खाली साधारण असं काही: हा अमेरिकन माणूस दारूच्या नशेत जमिनीवर रंग शिंपडायचा, वीस फुटी चित्र एका रात्रीत उरकायचा, रंग कुठे पडेल ते त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं, सीआयएने पैसा ओतून त्याला मोठा केला, आणि हे तर तुमचं पाच वर्षांचं पोरही काढेल. पोलॉक आवडलाच पाहिजे अशी सक्ती कुणावरच नाही. पण हे दावे तपासता येतात. काही तारखा लावून, आणि उरलेले चित्रातले रंगाचे थर बघून.

‘नशेत काढायचा’

पोलॉक व्यसनी होता, यात वाद नाही. १९३८ मध्ये त्यापायी तो काही महिने रुग्णालयात होता. ११ ऑगस्ट १९५६ रोजी दारू पिऊन गाडी चालवताना तो गेला आणि गाडीतल्या एका तरुणीचाही जीव घेऊन गेला. पण व्यसनाची आणि चित्रांची वर्षं शेजारी मांडून बघा. ईस्ट हॅम्प्टनमधल्या एका डॉक्टरांच्या उपचारामुळे १९४८ च्या अखेरीपासून नोव्हेंबर १९५० पर्यंत त्याची दारू सुटलेली होती. ‘ऑटम रिदम’, ‘वन: नंबर ३१’, ‘लॅव्हेंडर मिस्ट’ आणि ‘नंबर ३२’ ही चारही चित्रं १९५० ची, याच काळातली. पुढे पिणं परत सुरू झालं आणि काम आटत गेलं. १९५५ मध्ये फक्त दोन चित्रं, १९५६ मध्ये एकही नाही.

१९५२ चं ‘ब्लू पोल्स’ पिण्याच्या काळातलं आहे, आणि रंग ओतण्याची रीत १९४७ मध्ये जमून आली तेव्हाही तो पीतच होता. त्यामुळे व्यसनी माणसाच्या हातून चांगलं चित्र होतच नाही, असा उलटा नियम कुणी काढू नये. दारू हे त्याचं तंत्र नव्हतं, एवढंच.

‘एका रात्रीत उरकायचा’

ही दंतकथा ‘म्युरल’ या चित्राची. न्यूयॉर्कमधली कलासंग्राहक आणि गॅलरीमालक पेगी गुगेनहाइम हिने १९४३ मध्ये आपल्या घरासाठी ते काढायला सांगितलं होतं, माप २.४३ × ६.०४ मीटर. पोलॉक कित्येक महिने कोऱ्या कॅनव्हाससमोर नुसता बसून राहिला आणि मग एका रात्रीत सगळं संपवलं, ही गोष्ट त्याची बायको, चित्रकार ली क्रॅस्नर, स्वतःच सांगायची. त्यामुळे ती पुस्तकांतही गेली.

२०१२ नंतर लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेत या चित्राची सफाई झाली, तेव्हा थरांचे सूक्ष्म छेद तपासले गेले. लिंबू पिवळा, हिरवट निळा, लाल आणि गडद तपकिरी हे सुरुवातीचे पातळ रंग एकमेकांत ओले असतानाच लागले आहेत. म्हणजे पहिली आखणी एका बैठकीत झालेली असू शकते, आणि दंतकथेचा उगम कदाचित तिथेच असेल. वरचे बरेच फटकारे मात्र खालचा रंग पूर्ण वाळल्यावरचे आहेत, आणि त्यातला बराचसा तैलरंग आहे. जाड तैलरंग एका रात्रीत वाळत नाही. दिवस लागतात, कधी आठवडे. शिवाय जानेवारी १९४४ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात खुद्द पोलॉकनेच हे चित्र आदल्या उन्हाळ्यात केल्याचं म्हटलं आहे. आणि जाता जाता: हे मुख्यतः ब्रशने रंगवलेलं आहे. शिंपडण्याच्या चर्चेत ते पुरावा म्हणून आणणंच चूक.

‘रंग कुठे पडेल ते त्यालाही ठाऊक नसायचं’

सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात चुकीचा दावा हाच.

आधी साहित्य. कॅनव्हास चौकटीवर न ताणता कोठाराच्या जमिनीवर पसरलेला, बहुतेकदा अस्तर न दिलेला. रंग नळीतला नाही, तर घरं रंगवायचा डब्यातला एनॅमल, कारण तो आपल्याच वजनाने वाहतो आणि त्याची धार लांबते. हातात काठी, कडक झालेला ब्रश, करणी. १९५१ च्या काळ्या चित्रांसाठी स्वयंपाकघरातली मोठी पिचकारीही. काठी कॅनव्हासला टेकत नाही, वरून फिरते.

आता धारेचं गणित. पोळीवर काकवी हळू सोडली की धार खाली वेटोळी घालते. दाट द्रव उंचावरून सावकाश पडला की हे व्हायचंच. हात पुरेशा वेगाने सरकला तर वेटोळं बसायला वेळ मिळत नाही आणि रेघ सरळ पडते. रंग फार पातळ केला तर धार तुटून ठिपके पडतात. फार दाट ठेवला तर काठीवरून गोळाच गळतो. हात थांबला की डबकं. म्हणजे एकाच वेळी तीन गोष्टी सांभाळायच्या: दाटपणा, उंची, वेग. २०१९ मध्ये द्रवगतिकीच्या अभ्यासकांनी पोलॉकच्या चित्रीकरणावरून हाताचा वेग आणि उंची मोजून हेच प्रयोगशाळेत करून पाहिलं. त्यांचा निष्कर्ष: तो बहुतांशी वेटोळी टाळणाऱ्या पट्ट्यात काम करत होता. काही चित्रांत वेटोळी आहेतही, पण सरसकट नाहीत. निव्वळ योगायोग असता तर ती जिकडेतिकडे दिसली असती.

तिसरी गोष्ट क्रम. ‘ऑटम रिदम’ (२६६.७ × ५२५.८ सेंमी, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय) होत असताना छायाचित्रकार हान्स नामुथने फोटो काढले होते. त्यांत आधी पातळ काळ्याचा सांगाडा दिसतो, बाकीचे रंग मागाहून येतात. ओल्या काळ्यावर लगेच पांढरा ओतला की राखाडी चिखल होतो, म्हणून मध्ये वाळू द्यावं लागतं. अधूनमधून कॅनव्हास भिंतीवर टांगून बघायचं, परत खाली घ्यायचं, शेवटी कडा कुठे कापायच्या ते ठरवायचं, असं त्याचं चाले. ‘नंबर ३२’ मध्ये तर एकच रंग आहे, काळा. चुकलेली रेघ झाकायला दुसरा थरच नाही.

अपघात होत नव्हते असं नाही. एनॅमलचं डबकं जाड झालं की वरची साय आधी वाळते, आतला रंग ओलाच राहतो आणि पृष्ठभागाला सुरकुत्या पडतात. पोलॉकच्या चित्रांत अशा सुरकुत्या सापडतात. त्या ठेवायच्या की वरून आणखी ओतायचं, हा मात्र त्याचा निर्णय.

‘सीआयएने मोठा केला’

यात निम्मं खरं आहे, म्हणूनच ते टिकतं. काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम या कम्युनिझमविरोधी सांस्कृतिक संस्थेला सीआयएचा पैसा जात होता, हे १९६६–६७ मध्ये उघड झालं. पण ही संस्था स्थापन झाली जून १९५० मध्ये. पोलॉकचं पहिलं एकल प्रदर्शन नोव्हेंबर १९४३ चं, आणि हा अमेरिकेतला सर्वांत थोर जिवंत चित्रकार आहे का, असं ‘लाइफ’ मासिकाने विचारलं ऑगस्ट १९४९ मध्ये. युरोपभर फिरलेलं ‘द न्यू अमेरिकन पेंटिंग’ हे मोठं प्रदर्शन १९५८–५९ चं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतरचं. अमूर्त चित्रकलेचा शीतयुद्धातला वापर हा खरा विषय आहे, पण तो बराचसा त्याच्या पश्चात घडला.

‘पाच वर्षांचं पोरही काढेल’

बॉस्टन कॉलेजच्या संशोधकांनी २०११ मध्ये एक चाचणी छापली. अमूर्त चित्रकारांची चित्रं मुलांच्या आणि प्राण्यांच्या चित्रांशेजारी ठेवून विद्यार्थ्यांना चांगलं कोणतं ते निवडायला सांगितलं. काही जोड्यांत नावांच्या चिठ्ठ्या मुद्दाम उलट लावल्या, तरीही चित्रकाराचं चित्र निम्म्याहून जास्त वेळा निवडलं गेलं. लोक चुकलेही, आणि पुष्कळदा चुकले. पण फरक दिसतो.

यावर न्यूयॉर्कच्या नोडलर गॅलरीचं प्रकरण पुढे केलं जातं. तिथून बनावट ‘पोलॉक’ १ कोटी ७० लाख डॉलरला विकला गेला, जाणकारही फसले. खरंय. पण तो काढणारा पोर नव्हता, शिकलेला आणि मुरलेला चित्रकार होता. आणि ते चित्र बनावट ठरलं रंगामुळे: त्यातली रंगद्रव्यं पोलॉकच्या हयातीत बाजारात आलेलीच नव्हती.

ज्यांना तरीही करून बघायचं असेल त्यांनी अ‍ॅक्रिलिक घेऊ नये. पाणी वाढवलं की त्याची धार लांबत नाही, तुटते. दुकानात ‘ऑइल पेंट’ म्हणून मिळणारा सिंथेटिक एनॅमल घ्या, पाच भागांना एक भाग टर्पेंटाइन घालून सुरुवात करा. जाड मांजरपाटावर आधी पातळ सरस फिरवून वाळवा, नाहीतर रंग शोषला जाऊन रेघेभोवती तेलकट कडं उमटतं. काठी साधारण फूटभर उंचीवर धरा, खिडक्या उघड्या ठेवा. पहिला रंग काळा. किमान एक दिवस वाळू द्या, मगच पांढरा. आणि मनगटाने नाही, खांद्यापासून हात फिरवा. मनगटाची रेघ वीतभर जाते आणि वळते, सलग दीड मीटर जात नाही.

एवढं करून एका मीटरची रेघ कुठेही न तुटता आणि कुठेही न फुगता पडली, तर ‘ऑटम रिदम’च्या उरलेल्या चौदा चौरस मीटरचा विचार करायला हरकत नाही.