अडुसष्टपैकी पाच

गुडघ्यामुळे ट्रेडमिल जमेना तर डॉक्टर म्हणाले, थॅलियम करून टाका, म्हणजे हृदयाला रक्त नीट पोचतंय का ते फोटोत दाखवणारी टेस्ट. आता थॅलियम टेस्टमध्ये थॅलियम नसतंच म्हणे, हल्ली टेक्नेशियम नावाचं किरणोत्सर्गी औषध टोचतात, पण आपल्याकडे कुठलंही वनस्पती तूप डालडाच ना, तसंच हे.

टोचण्याचं काही नाही हो. खरी शिक्षा आदल्या दिवशी, २४ तास चहा बंद! कॉफी, कोला, चॉकलेट पण बंद, पण त्यांचं कोणाला पडलंय. का, तर टेक्निशियन पोरगा म्हणाला, "काका, ट्रेडमिलऐवजी ॲडेनोसिन हे औषध देऊन हृदयाच्या रक्तवाहिन्या फुलवायच्या असतात, पण चहा प्यायलात तर कॅफिन आधीच त्याच्या सीटवर रुमाल टाकून बसतं." एसटीचा दाखला दिल्यावर मी काय बोलणार. रात्री डोकं ठणकायला लागलं म्हणून गोळी काढली तर बायकोने पाकीटच हिसकावलं, "अहो, यातही कॅफिन आहे, मागे वाचा."

सकाळी ॲडेनोसिन सुरू झालं आणि कोणीतरी छातीवर गव्हाचं पोतं ठेवून वर बसलंय असं वाटलं, कान गरम, श्वास अपुरा. थांबवलं तसं मिनिटभरात सगळं गायब. मग मात्र चमत्कार झाला, पोरगा म्हणाला आता तुपातलं-लोण्यातलं काहीतरी खा, म्हणजे पित्ताशयात साठलेलं टेक्नेशियम खाली सरकतं आणि फोटो स्वच्छ येतो. दोन वर्षं घरात लोणी बंद करणाऱ्या बायकोने स्वतःच्या हाताने ब्रेडवर बोटभर बटर थापलं, तेही हार्टच्या टेस्टसाठी! वर चहाही मिळाला. पुढे कॅमेऱ्याखाली हात डोक्यावर घेऊन पंधरा मिनिटं पडून राहायचं, आणि नाक नेमकं तेव्हाच खाजतं.

दुपारी परत सुई, परत फोटो, यावेळी आरामातला.

रिपोर्टमध्ये हृदयाची रंगीत चकती, तिचे १७ तुकडे, प्रत्येकाला ० ते ४ मार्क, एकूण ६८. मला ताणाच्या, म्हणजे सकाळच्या ॲडेनोसिनवाल्या फोटोत ५.

"पाचच?" बायकोचा चेहरा पडला.

डॉक्टर हसले, इथे शून्यवाला पहिला येतो म्हणाले. ताणात फिका दिसलेला भाग आरामातल्या फोटोत भरून आलाय, म्हणजे स्नायू जिवंत आहे, फक्त ताण पडला की रक्त कमी पडतं, सध्या गोळ्यांवर भागेल.

घरी येऊन बायकोने आईला सांगितलं, यांना अडुसष्टपैकी पाच पडले. आई पोथीतून मान वर न करता म्हणाली, "गणित असेल. त्यात तो पहिल्यापासून कच्चाच."