फुकटचा नंबर, उघडा ओटीपी

दाजींनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज तुमच्याकडंही फिरत आला असेल. "स्वतःचा नंबर कुठंच देऊ नका. साइटवरून फुकट व्हर्च्युअल नंबर घ्या, ओटीपी टाका, विसरून जा. शंभर टक्के सुरक्षित, पूर्ण कायदेशीर, कुणाला माग लागत नाही. नीट-सीईटीचे फॉर्मही असेच भरा, क्लासवाल्यांचे फोन बंद!" लातूरला नीटची तयारी करणाऱ्या भाचीनं त्याला "भारी" म्हणून उत्तर दिलं, म्हणून लिहायला बसलो. नाहीतर असल्या मेसेजच्या नादी कोण लागतं?

आधी ते "शंभर टक्के सुरक्षित". व्हर्च्युअल नंबर म्हणजे सिमशिवाय, इंटरनेटवर चालणारा नंबर; त्याचे मेसेज साइटवरच दिसतात. लिहिणाऱ्यानं ती साइट उघडून तरी बघितली का? नंबरावर टिचकी मारली की खाली मेसेजची यादी येते. कुणाकडून आला, किती मिनिटांपूर्वी आला आणि पूर्ण ओटीपी. ना लॉगिन, ना पासवर्ड. जो ओटीपी तुम्हाला दिसतो, तो ते पान उघडून बसलेल्या प्रत्येकाला दिसतो. उद्या त्यातल्याच कुणी तो नंबर टाकून "पासवर्ड विसरलो" दाबलं, की नवा ओटीपी त्याच्यासमोर हजर. घराला कुलूप लावायचं आणि किल्ली चावडीवर टांगायची, त्यातली गत. पैसे भरून भाड्यानं घेतलेला नंबर एवढा उघडा नसतो, पण मुदत संपल्यावर तोच दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती जाऊ शकतो.

हे मी मनचं सांगत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेनं २०१७ च्या ८००-६३बी नियमावलीत स्पष्ट बजावलं होतं की इंटरनेटवर चालणारे व्हीओआयपी नंबर अशा पडताळणीला वापरायचेच नाहीत. कारण साधं आहे: ठरावीक फोन तुमच्याच हातात आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आता फॉर्म. इथं मात्र डोकंच फिरलं. नीट घेणारी एनटीए स्वतः सांगते की नंबर स्वतःचा किंवा आईवडिलांचा द्या. परीक्षेच्या सूचना त्याच नंबरावर येणार. दोन वर्षं लातूरला खोली करून राहिलेल्या लेकराचा फॉर्म कुण्या परक्या नंबरावर? क्लासवाल्यांचे फोन नको असतील तर ब्लॉक करा की!

"कायदेशीर" म्हणाल, तर असा नंबर घेणं हाच गुन्हा, असं मीही म्हणत नाही. पण फसवणूक किंवा तोतयेगिरी करून सिम वा तसली दूरसंचार ओळख मिळवली, तर २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम ४२ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. माग लागत नाही म्हणे! तुमच्या इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता काय हवेत विरतो? यूपीआयला तर हा नंबर चालतच नाही, तिथं फोनमधल्या सिमवरूनच मेसेज जातो.

एक गोष्ट मान्य, नाइलाजानं. नंबर जिथं तिथं वाटू नये, हे खरंय. बिलासाठी गिऱ्हाइकाच्या मोबाइल नंबरचा हट्ट धरू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानंही २०२३ मध्ये दुकानदारांना सांगितलं होतं. तिथं सरळ नाही म्हणा. फारच झालं तर स्वतःच्या नावावर दुसरं प्रीपेड सिम घ्या आणि ते चालू ठेवा.

आणि ज्यांनी आधीच कुठं असला नंबर टाकलाय, त्यांनी लॉगिन होतंय तोवर आजच सेटिंगमध्ये जाऊन आपला नंबर घाला.