घरबसल्या काम होऊ नये म्हणून

महाराष्ट्रात राहायचं आणि सरकारी काम घरबसल्या उरकायचं, हा प्रकार हल्ली फार बोकाळला आहे. सातबारा मोबाईलवर, उत्पन्नाचा दाखला मोबाईलवर, पोराची पाठ्यपुस्तकंसुद्धा मोबाईलवर. असंच चालू राहिलं तर तहसील कचेरीसमोरच्या वडापाववाल्याने, झेरॉक्सवाल्याने आणि झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या अर्ज लिहिणाऱ्याने जायचं कुठे? आणि तुमची ती आतली ओळख, जी तुम्ही वर्षानुवर्षं चहा पाजून जोपासली, तिचं काय? तेव्हा वेळीच सावध व्हा. या सेवांपासून स्वतःला वाचवता येतं. थोडी शिस्त लागते, एवढंच.

सुरुवात पासवर्डपासून करू. दाखल्यांचे अर्ज घेणाऱ्या ‘आपले सरकार’ पोर्टलवर खातं उघडायची वेळ आलीच, तर ते चुकूनही स्वतः उघडू नका. चौकातल्या सेवा केंद्रात जा. (आपल्याकडे त्याला अजून ‘सेतू’च म्हणतात, तुम्हीही म्हणा.) तिथला पोरगा स्वतःचाच मोबाईल नंबर टाकेल, स्वतःचाच ईमेल टाकेल आणि पासवर्ड एका वहीत लिहून ठेवेल. त्या वहीत निम्म्या गावाचे पासवर्ड आधीच असतात, त्यामुळे तुम्हाला एकटं वाटणार नाही. इथून पुढे ओटीपी त्याला येणार, दाखला तयार झाल्याचा मेसेजही त्यालाच येणार. तुमच्या डोक्याला ताप नाही. पुढे हा पोरगा पुण्याला नोकरी धरतो तेव्हा जरा पंचाईत होते, पण तोवर शेजारी दुसरं केंद्र निघालेलं असतं आणि तिथला पोरगा दुसरं खातं उघडून देतो.

समजा, अंगात आलंच आणि स्वतः अर्ज भरायला बसलात. घाबरू नका, इथे खुद्द पोर्टल तुमच्या मदतीला धावून येतं. फोटो 160 पिक्सेल रुंद आणि 200 पिक्सेल उंच हवा, वजन 5 ते 20 केबी. एवढा हलका होईपर्यंत फोटोत तुम्ही आणि तुमचे मेहुणे यांच्यात फरक उरत नाही, पण सरकारची हरकत नसते. कागदपत्रांची तऱ्हा वेगळी. त्यांना वरची मर्यादा आहे तशी खालचीही आहे. म्हणजे रेशनकार्ड फार जाडं चालत नाही आणि फार बारीकही चालत नाही. हे सगळं जुळवून तुम्ही शेवटच्या पानावर पोचता, कॅप्चामधलं ते अक्षर ओ आहे की शून्य यावर बायकोचं मत घेता, आणि तेवढ्यात सेशन संपतं. हाच तो क्षण. ‘म्हटलं नव्हतं?’ असं मोठ्याने म्हणा आणि लॅपटॉप मिटा. केंद्रातला पोरगा हेच काम दोन मिनिटांत करतो. कसं करतो ते विचारू नका, नाहीतर शिकाल.

आता सातबारा. इथे मोह फार आहे म्हणून सविस्तर सांगतो. भूलेख या सरकारच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडायचा, मग तालुका, गाव, गट नंबर, की उतारा समोर हजर. नुसता बघायला पैसे नाहीत. डिजिटल सहीचा हवा असेल तर 15 रुपये. 1 मे 2018 पासून ही सोय आहे, आणि सही-शिक्क्याची गरज नाही हे त्या उताऱ्यावरच छापलेलं असतं. खरा आहे की बनावट, हे खालच्या पडताळणी क्रमांकावरून कोणालाही तपासता येतं. 15 रुपयांत एवढं मिळत असेल तर माणसाला संशय यायलाच हवा. तो तुम्हाला आला नाही तरी बँकेतल्या साहेबांना नक्की येईल. ते कागद उलटा करून बघतील, उजेडात धरतील आणि विचारतील, ‘याच्यावर शिक्का कुठाय?’ त्या वेळी खालचा क्रमांक दाखवून वाद घालू नका. मान डोलवा आणि तलाठ्याकडे जा. तलाठ्यांना 2024 पासून ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणायचं आहे, पण तुम्ही तलाठीच म्हणा, नाहीतर तेच मागे वळून पाहतील, कोणाला हाक मारली म्हणून. ते ऑफिसात नसतात. त्यांच्याकडे आणखी दोन गावांचा चार्ज आहे, हेही खरंच आहे. ते भेटले की तोच उतारा, त्याच संगणकातून, त्याच प्रिंटरवर काढून देतील आणि वर गोल शिक्का मारतील. आता कसं भारदस्त दिसतं. गाडीभाडं, जेवण आणि ‘राहू द्या हो, चहापाण्याला’ धरून 15 रुपयांच्या कागदाला शोभेल असा खर्च झाला की मनही शांत होतं.

ई-पीक पाहणीचं तसंच. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतःच्या पिकाची नोंद स्वतः करायची सोय झाली. ॲप उघडायचं, शेतात उभं राहायचं, उभ्या पिकाचा फोटो काढायचा, पाठवायचा. हे तर फारच झालं. पिढ्यान् पिढ्या शेतात काय आहे हे शेत सोडून बाकी सगळ्यांना विचारून लिहिलं गेलं, आणि आता थेट मालकाला विचारतात! यावर उपाय म्हणजे हे काम हिंजवडीतल्या पुतण्यावर सोपवा. ‘तू कॉम्प्युटरवाला ना, तूच कर’ म्हणून सांगा. पुतण्या लातूरच्या सोयाबीनची नोंद हिंजवडीतून करू बघेल आणि ॲप त्याला कळवेल की तुम्ही गटापासून बरेच लांब आहात. मग दिवाळीला येतो तेव्हा करू असं ठरवा. दिवाळीपर्यंत सोयाबीनची मळणी होऊन जाते, नोंदीची मुदतही उलटते आणि सातबाऱ्यावर पिकाचा रकाना स्वच्छ राहतो. हमीभाव केंद्रावर त्या रकान्याकडे बोट दाखवून परत पाठवतात, तेव्हा व्यापारी बाहेर टेम्पो लावून उभा असतोच. त्याला रकाना लागत नाही. रात्री पारावर बसून म्हणायचं, ‘ॲपच चालत नाही हो.’ अर्थात, गावात रेंज नसल्याने ते खरोखरच चालत नाही असंही होतं. पण ते आपण बघितलेलं नसल्यामुळे आपल्याला त्याचं श्रेय घेता येत नाही.

दाखले कधी काढावेत? जूनमध्ये. बारावीचा निकाल लागला, प्रवेशाची तारीख तोंडावर आली, अख्खा तालुका रांगेत उभा राहिला आणि सर्व्हर धापा टाकू लागला की मग. डिसेंबरात काढून ठेवला तर त्यात काय गंमत? प्रतिज्ञापत्रासाठी स्टॅम्प पेपर मात्र आठवणीने घ्या. अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे. ही गोष्ट विक्रेता तुम्हाला सांगणार नाही, तुम्हीही त्याला सांगू नका. ऑक्टोबर 2024 मध्ये शंभराच्या जागी पाचशेचा कागद आल्यापासून तर त्याचं वजन आणखीच वाढलं आहे.

एका कागदापासून मात्र फार जपा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. या कायद्याने प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत घालून दिली आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवस, जातीच्या दाखल्याला 45. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर 30 दिवसांत पहिलं अपील, ते त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. मग दुसरं, आणि तिसरं थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे. कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. हे असं लेखी असल्यावर ‘साहेब, जरा बघा ना’ म्हणण्यातला गोडवाच जातो. म्हणून अर्ज दिल्यावर पोच घेऊ नका. पोचेवर तारीख असते आणि तारखेमुळे संबंध बिघडतात. कार्यालयात सेवा, शुल्क, मुदत आणि अपिलीय अधिकारी यांचा फलक लावलेला असतो, त्याकडेही पाहू नका. बऱ्याच ठिकाणी त्याच्यापुढे कपाट असतंच, त्यामुळे मोह आपोआप टळतो.

‘आपली चावडी’ नावाचं एक पान आहे. गावातल्या जमिनीच्या फेरफाराची नोटीस त्यावर झळकते आणि हरकत घ्यायला 15 दिवस मिळतात. पूर्वी हा कागद चावडीच्या भिंतीवर डकवत आणि शेळ्या तो खात. आता शेळ्यांची सोय गेली, त्यांचं काम आपल्यालाच करावं लागणार. ते पान उघडायचं नाही, बस. चुलत्याने वाटणीत काय केलं हे पुढेमागे एखाद्या लग्नात जेवणावळीत कळेलच. तसंच, फ्लॅट घेण्याआधी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, फुकट पाहता येते. त्यापेक्षा बिल्डरच्या ऑफिसातला गणपती पाहा, चांगला पाच फुटी असतो.

वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला मराठी विश्वकोश वीस खंडांचा, सगळा ऑनलाइन आणि फुकट. त्याची भीती बाळगायचं कारण नाही. तो आजवर कोणाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरलेला नाही.

एवढं सांभाळूनही माहिती अधिकारात अर्ज करायची खुमखुमी आलीच, तर तोही राज्याच्या पोर्टलवरून 10 रुपयांत जातो आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सुदैवाने आपल्या राज्याचे नियम असे आहेत की एका अर्जात एकच विषय आणि शब्द 150. यातले पन्नासेक ‘महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ आणि त्याच्या भावंडांवर खर्च करा. पुढचे पन्नास, तुमचे वडील या गावात कोण होते त्यावर. उरलेल्यांत रस्ता, नळ, रेशन आणि शेजाऱ्याची वाढीव गॅलरी, असे चारही विषय एकदम कोंबा. अर्ज परत येईल. त्या उत्तराचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाका. तीन अंगठे येतील, एक हात जोडलेला येईल आणि मोठे काका लिहितील, ‘माझ्या ओळखीचा एक जण आहे आत, सोमवारी जाऊ.’