उजवीकडचं मागचं दार

जुन्या फियाटवाल्यांना गाडी नको असते, खटका हवा असतो. पुढच्या दाराला वारा आत घेण्यासाठी जी छोटी त्रिकोणी काच असते ना, ती बंद ठेवणारा तो बोटभर खटका. तो तुटला की काच वाऱ्याने आपोआप फिरते, पावसाचं पाणी नेमकं ड्रायव्हरच्या गुडघ्यावर पडतं आणि काही न फोडता गाडीत हात घालता येतो हे गल्लीतल्या पोरांना कळतं. माझ्या ओळखीतल्या बहुतेक फियाटी धुऊनपुसून आरशासारख्या चकचकीत असतात, आणि त्यांची ती काच सुतळीने बांधलेली असते.

हे मला नीट कळलं ते वाईच्या काकूंच्या परसातली पद्मिनी, म्हणजे फियाटच, खोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा. गाडी ७८ सालची. काका वकील. नंबर लावून, वाट बघून, शेवटी मुंबईहून स्वतः चालवत आणलेली. काका गेले, मुलगी अमेरिकेला गेली, आणि गाडी कारगिलच्या उन्हाळ्यापासून चिंचेखालून हलली नव्हती. दुरुस्तीच्या पलीकडे गेली होती; मेस्त्रींनी खालून बघितलं आणि नुसती मान हलवली. तेव्हा तिचे चांगले राहिलेले पार्ट गरजू फियाटवाल्यांना द्यावेत असा विचार मी चार लोकांत बोललो. तिथून पुढे फोन माझा राहिला नाही.

पहिला फोन खटक्यासाठी. दुसराही. तिसऱ्याने आधी काकूंच्या तब्येतीची चौकशी केली, मग वाईच्या पावसाची, मग म्हणाला, "ते त्रिकोणी काचेचं काय आहे हो?" आता एका गाडीला खटके दोनच. त्यातला डावा एशियाडच्या सुमारास काकांच्याच हातून तुटला होता. उरलेल्या एका खटक्यासाठी कोल्हापूर, सांगली, नाशिक, मडगाव आणि हिंजवडी असे पाच दावेदार, आणि प्रत्येक जण "मला घाई नाही" असं रोज कळवायचा.

बाहेरच्यांना वाटतं, पद्मिनीचे पार्ट काय, मुंबईत ढिगाने मिळत असतील. मिळायचे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून डिलाइट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने ही गाडी निघत राहिली, आणि त्यातल्या कितीतरी काळ्या-पिवळ्या रंगात मुंबईच्या रस्त्यावर गेल्या. टॅक्सी मोडीत निघाली की माल कुर्ल्याच्या भंगार बाजारात. पण शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत नोंदली गेली ती ऑक्टोबर २००३ मध्ये, टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तो झरा आटला. शिवाय टॅक्सीचा पार्ट म्हणजे दिवस-रात्र पाळ्या करून निवृत्त झालेला. वकिलांच्या गाडीचा पार्ट म्हणजे रविवारी महाबळेश्वर आणि लग्नसराईत पुणे. या फरकावर फियाटवाले तासभर बोलू शकतात. बोलतातही.

काकूंची अट एकच होती. "तोडफोड नको. ह्यांनी कधी कुणाला दारसुद्धा आपटू दिलं नाही." आणि ही अट पाळली जाते की नाही हे बघायला त्या ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या, निवडायचे तांदूळ मांडीवर घेऊन.

आधी आतला पसारा काढला. मागच्या सीटवर कोंबडी रवणीवर बसली होती. तिला पिल्लं बाहेर पडेपर्यंत मुदतवाढ मिळाली, म्हणून कामाची सुरुवात पुढून झाली. वायरिंग उंदरांनी कधीच संपवलं होतं. डॅशबोर्डच्या कप्प्यात जेजुरीच्या भंडाऱ्याची पुडी, पेट्रोल पंपाच्या पावत्यांची गुंडाळी आणि वाळून खडा झालेलं लिंबू. पावत्या काकूंनी मागून घेतल्या, चष्मा लावून एकेक वाचल्या आणि म्हणाल्या, "हे त्या दिवशी साताऱ्याला गेले होते तर! मला म्हणाले कोर्टात होतो."

मग बंपर. मागचा बंपर मडगावच्या गृहस्थांना हवा होता. समुद्राच्या हवेने त्यांच्या क्रोमला पोपडे आले होते, आणि आमचा, बघा नशीब, भाताच्या पेंढ्याखाली झाकलेला असल्यामुळे धडधाकट. पण त्याचे बोल्ट! मेस्त्रींनी आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवलं होतं. सकाळी तेराचा पाना लावला, पान्याला हातभर पाइप जोडला आणि मला म्हणाले, "सायेब, आधी आवळा."

"आवळू? आपल्याला सोडवायचाय ना?"

"सोडवायचाय म्हणूनच. आधी केसभर आवळायचा, गंज तुटतो, मग मागं येतो. डायरेक्ट सोडवाय गेलात तर मुंडकं हातात येतंय."

केसभर आवळला. मेस्त्रींनी बोल्टच्या डोक्यावर हातोडीने टक्‌टक्‌ केलं, पुन्हा डिझेल, पुन्हा टक्‌टक्‌. पाइपला लोंबकळलो. आतून कुणीतरी लांब उसासा टाकावा तसा आवाज आला आणि बोल्ट पाव आटा फिरला. त्या पाव आट्याचा आनंद मला प्रमोशनला झाला नव्हता. दुसरा बोल्टही आला. तिसऱ्याला मात्र खाडकन आवाज झाला आणि मी पाइपसकट हळदीच्या वाफ्यात.

"काय तुटलं रे?" ओट्यावरून.

"काय न्हाई काकू," मेस्त्री म्हणाले, "सुटलं."

इंजिन जाम होतं. १०८९ सीसीचा तो ब्लॉक कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तसाच मागितला. "तुम्ही फक्त पाठवा. उद्यमनगरात माझा माणूस आहे." कोल्हापूरकर हे वाक्य कुठल्याही गोष्टीबद्दल म्हणतात आणि शिवाजी उद्यमनगरातली लेथवरची मंडळी ते बऱ्याचदा खरंही करतात. पण डॉक्टरांकडची गाडी डिलाइट, त्यामुळे पद्मिनीचा पार्ट घेताना चेहऱ्यावर जरा उपकार. जाळी दाखवली तर म्हणाले, "छे, ही नंतरची." दोष त्यांचाही नाही. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात हवी. त्यामुळे डॉक्टर आता आपल्या गाडीकडे परीक्षकाच्या नजरेने बघतात आणि इतरांच्या गाड्यांकडे तर बघतातच.

आरटीओचं प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण तिथे माझं बोलणं फारसं नव्हतंच. मोटार वाहन कायद्याचं ५५वं कलम म्हणतं, गाडी कायमची निकामी झाली की मालकाने चौदा दिवसांत कळवावं. कारकुनाने विचारलं, "निकामी कधी झाली?" काकू म्हणाल्या, "झालेलीच नाही. ह्यांनी ठेवलीय ती." कारकून चांगला माणूस होता. त्याने पेन खाली ठेवलं आणि चहा मागवला. दुपारपर्यंत अमेरिकेतून फोनवर लेकीने समजूत घातली तेव्हा कुठे सही झाली. काढून घेतल्यावर उरलेला सांगाडा नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गेला, वजनावर. त्या पैशातून सांगाडा न्यायचं टेम्पोचं भाडं सुटलं नाही.

खरी परीक्षा वाटपाची. फियाटवाला पैसे विचारत नाही. तो म्हणतो, "तुमचं जे काही असेल ते सांगा," आणि आपण आकडा सांगितला की गप्प होतो. म्हणून मी आकडा सांगणं सोडलं. मग परतफेड वस्तूंनी सुरू झाली. सांगलीहून कार्बुरेटरच्या बदल्यात बेदाणे. मडगावहून बंपरसाठी काजू. हिंजवडीच्या मुलाला आजोबांच्या गाडीसाठी हँड गियरचा, म्हणजे स्टिअरिंगखालच्या गियरचा, दांडा हवा होता; त्याने ऑनलाइन केक पाठवला, त्यावर क्रीमने फियाट काढलेली, आणि मूळ गाडीप्रमाणे तिचाही डावा खटका गायब. पुढची काच सतरंजीत गुंडाळून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवली. कंडक्टरने विचारलं काय आहे, मी म्हटलं काच, तो म्हणाला मग नाही. मी म्हटलं सतरंजी, तो म्हणाला ठेवा.

खटका कुणाला दिला ते मी सांगणार नाही. चौघांशी संबंध अजून नीट आहेत आणि पाचवा शहाणा आहे, गप्प बसलाय.

आणि उजवीकडचं मागचं दार. अख्ख्या गाडीतली सगळ्यांत सुंदर वस्तू. एक पोचा नाही, तळाला गंज नाही, काच गुळगुळीत वरखाली होणारी. ते कुणालाच नको. कारण साधं आहे: त्या बाजूला रहदारी, म्हणून "तिकडून उतरू नकोस" हे ऐकत पिढ्या वाढल्या. ड्रायव्हरचं दार झिजतं, डावी दोन्ही झिजतात, उजवं मागचं मात्र प्रत्येकाचं नव्यासारखं. मी नाशिकला विचारलं. तिथल्या निवृत्त एसटी चालकांना मागचा दिवा दिला होता, म्हटलं दारही घ्या. ते हसले, काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात दिव्याची परतफेड म्हणून ट्रॅव्हल्सने एक मोठं खोकं आलं. आत, गोणपाटात बांधलेलं, उजवीकडचं मागचं दार. सोबत चिठ्ठी: "आमच्याकडे जादा होतं. आपल्या उपयोगी पडेल."

दोन्ही दारं आमच्या इमारतीखाली, माझ्या पार्किंगच्या जागेत भिंतीला टेकवून ठेवली. बायकोने घरात येऊ दिली नाहीत, आणि बेदाणे-काजू तिने आधीच घरात घेतलेले असल्यामुळे मला वाद घालायला जागा नव्हती. लगेच सोसायटीचं पत्र आलं. पार्किंगची जागा केवळ वाहनासाठी आहे, तिथे दारे ठेवता येणार नाहीत. मी लेखी विचारलं, वाहन म्हणवून घ्यायला किमान काय काय लागतं? यावर कमिटीची मीटिंग झाली. एक जण म्हणाले, इंजिन. पण मग चौथ्या मजल्यावरच्या सायकली कुठे ठेवायच्या? दुसरे म्हणाले, नंबरप्लेट. तिसऱ्यांची नवी गाडी तेव्हा बिननंबराची उभी होती. रात्री साडेदहाला ठराव मंजूर झाला: ज्यास चाक आहे ते वाहन.

पद्मिनीची स्टेपनी मी कुणालाच दिली नव्हती. ती दोन दारांच्या मधोमध उभी करून ठेवली आहे. पुढच्या मीटिंगला पहिला विषय तोच आहे, असं वॉचमन सांगत होता.