डोंगल कुठे खोचलंय ते आधी बघा!

वायरलेस माउस अडखळला की सल्ला ठरलेला: सेल बदला. बदलले. तरी बाण स्क्रीनभर उड्या मारतोय, कीबोर्ड मधलीच अक्षरं गिळतोय. मग काय, नवा माउस घ्या! अहो, पण डोंगल, म्हणजे माउसचा सिग्नल पकडणारा तो छोटा यूएसबी तुकडा, कुठे खोचलंय ते कुणी बघणार की नाही? कॅबिनेटच्या मागे, पत्र्याला चिकटून, निळ्या यूएसबी ३.० पोर्टात. आणि शेजारच्याच पोर्टात हार्ड डिस्क! यूएसबी ३.० चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो आणि माउसही तिथेच बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच हे लिहून ठेवलंय. मग माउसच्या प्रत्येक खोक्यात हातभर एक्स्टेन्शन वायर टाकायला काय जातं? डोंगल काळ्या २.० पोर्टावरून वायरीने टेबलावर आणा, माउसपासून वीतभर अंतरावर. बहुतेकदा तेवढ्यानेच भागतं.

त्यात विंडोजची काटकसर! जरा हात थांबला की पोर्टच झोपवतं. भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या डेस्कटॉपवर कसली बचत? डिव्हाइस मॅनेजर, यूएसबी रूट हब (पोर्टांचा गट सांभाळणारा भाग), पॉवर मॅनेजमेंट, पहिली टिक, म्हणजे वीज वाचवायला तो बंद करायची परवानगी, काढा. प्रत्येक हबची वेगळी. ही टिक मुळात लावून पाठवतातच कशाला?