घरचं नाक

सोलापुरात मे महिन्यात रात्रीची आमटी सकाळपर्यंत टिकली की आंबली, हे ठरवायला आमच्या घरी माझं नाक वापरतात. मी दाढी करत असतो आणि हनुवटीखाली पातेलं येतं. "अहो, बघा की जरा. गेलंय का?" मटकी, दही, भिजवलेलं पीठ, कोंदट टॉवेलांचा गठ्ठा, सगळ्यांची हजेरी माझ्यापुढे. 'गेलंय' म्हणावं तर आई म्हणते, "मला तर काहीच येत नाही." 'चांगलंय' म्हणावं तर पहिला घास मला.

पूर्वी "माणसाचं नाक ते केवढं, कुत्रं पाळा" म्हणून सुटता यायचं. एकोणिसाव्या शतकात पॉल ब्रोका ह्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानं आपल्या मेंदूतला वासाचा भाग बाकीच्या मेंदूच्या मानानं लहान असल्याचं मांडलं, तेव्हापासून माणसाचं नाक अधू समजलं गेलं. मला ते फार सोयीचं होतं. पण २०१७ साली जॉन मॅकगॅन ह्या गृहस्थांनी 'सायन्स' नियतकालिकात हा समज खोडून काढला. वास टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर आपल्या नाकात आहेत म्हणे. हे नेमकं बायकोनं मोबाइलवर वाचलं.

मातीच्या वासाचंही तसंच. तो वास जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा. मातीतले जिवाणू तो तयार करतात, आणि आपलं नाक तो लाख-कोटीत चारपाच कण असले तरी पकडतं. वळवाचा पाऊस तुळजापूरच्या बाजूला पडत असतो तेव्हाच मला गच्चीवर कळतं. मी डोळे मिटून छाती भरून घेतो न घेतो तोच खालून आवाज येतो, "वास आला ना? मग वाळवण उचला!" आणि हाच जिओस्मिन चार दिवसांनी आलेल्या नळाच्या पाण्यात असला की कोणाला कविता सुचत नाही. पिंप धुवायला मीच.

परवाचा प्रसंग मात्र कळस होता. लेकीच्या खोलीत वास. "उंदीर मेलाय," आईनं निकाल दिला. आता तो शोधणार कोण? अमेरिकेत बर्कलीला एक प्रयोग झाला होता. माणसांचे डोळे बांधले, कान झाकले आणि गवतावर चॉकलेटच्या वासाची दोरी टाकून त्यांना रांगायला लावलं. ३२ पैकी २१ जणांनी तो माग काढला. एक नाकपुडी बंद केली की मात्र ते अडखळायचे, कारण वास कुठल्या बाजूनं येतोय हे ठरवायला दोन्ही लागतात. त्या लोकांना निदान गवत होतं आणि चॉकलेट होतं. मला शहाबादी फरशी आणि उंदीर.

कूलर चालू होता तोवर वास चारी भिंतींतून येत होता. म्हणून कूलर बंद करावा लागला. दुपारचे दोन, बाहेर ४३ अंश. मी लुंगी खोचून पलंगाखाली. दारात शेजारच्या काकू, "काय हरवलंय ओ?"

पाचेक मिनिटांत वास गेला. म्हणजे वास तिथंच होता, नाक कंटाळलं होतं. एकच वास सारखा येत राहिला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. ताजं होण्यासाठी मी गल्लीत गेलो, तर समोरच्या घरात चटणीसाठी शेंगा भाजणं चाललेलं. आता ह्याला कोणी काम म्हणेल का? मी नाक ताजं करत बराच वेळ उभा राहिलो. दारातून हाक आली तेव्हा कुठं परतलो, आणि ह्या खेपेला सरळ कूलरमागे गेलो.

उंदीर नव्हताच. शाळेचं दप्तर होतं, सुट्टी लागल्यापासून तसंच पडलेलं, आणि दप्तरात डबा.

"तुला इतके दिवस वास नाही आला?" बायकोनं विचारलं.

"नाही. मी इथंच झोपते ना," लेक म्हणाली. "नाकाला सवय होते. बाबा, तूच सांगितलंस ना आत्ता काकूंना?"

शास्त्र पूर्णपणे तिच्या बाजूनं होतं. डबा उघडायचं काम कोणाकडे आलं, ते सांगायला नको.