कादंबरी ऐका, सेल्फ-हेल्प वाचा

ऑडिओबुकवाल्यांमध्ये सर्रास दिसणारी सवय: चालताना, भांडी घासताना कानात 'आयुष्य बदला' छापाचं पुस्तक, तेही दुप्पट वेगाने. आणि कादंबरी? ती 'निवांत वेळ मिळाला की वाचू' म्हणून कपाटात. माझ्या मते हे नेमकं उलटं हवं.

(ऐकणं म्हणजे वाचणं का, या वादात मी पडत नाही. बोलकी पुस्तकं 1930च्या दशकात अंध वाचकांसाठी तबकड्यांवर निघाली, एका बाजूला जेमतेम पाव तास मजकूर. त्या वाचकांना 'तुम्ही वाचलंच नाही' असं सांगायची कोणाची छाती आहे?)

कादंबरी लेखकाने लावलेल्या क्रमानेच उलगडते आणि कानालाही तोच एक क्रम जमतो. सेल्फ-हेल्पचा साचा वेगळा असतो. एक तत्त्व, त्यावर तीन-चार किस्से, मग सारांश, मग 'पुढील तक्ता भरा'. कागदावर आपण किस्से चाळतो, तत्त्वापाशी थांबतो, तक्त्यात पेन्सिल चालवतो. कानात किस्से रंगतात, तत्त्व दोन वाक्यांत निसटतं आणि तक्ता 'सोबतच्या पीडीएफमध्ये पाहा' एवढ्यावर संपतो. ती पीडीएफ उघडणारा माणूस विरळाच. त्यात निवेदकाचा आवाज आश्वासक असला की सगळं पटत जातं, आणि पटलं म्हणजे डोक्यात बसलं असं वाटू लागतं. प्रकरण संपल्यावर त्यातले मुद्दे कागदावर लिहायला घ्या. दुसऱ्या मुद्द्यालाच पेन अडखळतं.

आता वेगाबद्दल, कारण सगळ्यात जास्त फुशारकी तिथेच मारली जाते. 10 तासांचं पुस्तक 1.25 वेगाने 8 तासांत होतं, 1.5ने 6 तास 40 मिनिटांत, 1.75ने साधारण 5 तास 43 मिनिटांत, 2ने 5 तासांत. म्हणजे पहिल्या पायरीला 2 तास वाचतात आणि शेवटच्या पायरीला फक्त 43 मिनिटं, आणि नेमक्या याच टप्प्यावर शब्द एकमेकांत घुसायला लागतात. वेग वाढवला तरी आवाज चिरका होत नाही, कारण ॲप ध्वनीचे बारीक तुकडे करून ते एकमेकांवर सरकवून जोडतं. पण त्या हिशेबात विरामही आखडतात. "तू तिला सांगितलंस?" या प्रश्नानंतर निवेदकाने मुद्दाम सोडलेला दीड सेकंद दुप्पट वेगात पाऊण सेकंदावर येतो, आणि समोरच्याची चलबिचल गायब होऊन उत्तर पाठ केल्यासारखं येतं. म्हणून कथेसाठी 1 ते 1.2, निवेदक फारच रेंगाळत असेल तर 1.3. शांतता गाळून टाकणारी सोय कथेला बंदच ठेवा. सेल्फ-हेल्पचे किस्से खुशाल 1.75ने पळवा, तिथे फारसं काही बुडत नाही.

कादंबरी तरते किंवा बुडते ती निवेदकावर. खरेदीआधी नमुना ऐकतोच आपण, पण तो बहुतेकदा सुरुवातीचा असतो, म्हणजे वर्णनाचा, आणि वर्णन कोणीही बरं वाचतं. नमुन्यात दोन पात्रांचा संवाद शोधा आणि 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' यांच्याकडे लक्ष न देता कोण बोलतंय ते ओळखता येतं का पाहा. आवाज बदलायची गरज नसते. चांगला निवेदक लय बदलतो, एका पात्राला घाई देतो, दुसऱ्याला जडपणा. वाईट निवेदक बाईचं वाक्य आलं की गळा बारीक करतो आणि 10 तास ते सहन करावं लागतं. दुसरी खोड म्हणजे प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज पाडणं. घरात ते चालून जातं, रस्त्यावर मात्र मराठी वाक्याचं क्रियापदच ऐकू येत नाही, आणि आपल्याकडे क्रियापद शेवटी! त्यामुळे नमुना एकदा पंख्याखाली किंवा खिडकी उघडी ठेवून ऐकावा.

रेकॉर्डिंगचे दोषही कान देऊन ऐकले तर कळतात. अध्येमध्ये एखादं वाक्य वेगळ्या खोलीत बोलल्यासारखं वाटलं तर ते नंतर दुरुस्तीसाठी पुन्हा रेकॉर्ड करून जोडलेलं असतं. एकच ओळ दोनदा आली तर संपादन करणारा झोपला होता. एसीएक्ससारख्या ऑडिओबुक निर्मिती-मंचाचे नियम सांगतात की आवाजाची सरासरी पातळी उणे 23 ते उणे 18 डेसिबल (इथे शून्य म्हणजे रेकॉर्डिंगची कमाल पातळी), शिखर, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, उणे 3च्या वर नको आणि पार्श्वभूमीचा गोंगाट उणे 60च्या खाली हवा. हे पाळलेलं पुस्तक ऐकताना आवाज सारखा कमी-जास्त करावा लागत नाही. मजकुराखाली सतत वाजणारं संगीत हा माझ्या लेखी दोषच, आणि वेग वाढवला की तेही विचित्र धावतं.

सगळ्याच कादंबऱ्या कानाला मानवतात असं मात्र नाही. प्रथमपुरुषी निवेदन, रहस्यकथा, एका माणसाच्या मागे चालणारी गोष्ट उत्तम जमते. तळटीपा, वंशावळ, पत्रं आणि कात्रणं यांनी भरलेली कादंबरी कागदावरच घ्या. काळाच्या उड्या असतील तर छापील पानावर मोकळी ओळ दिसते, कानाला निवेदकाच्या विरामाचाच आधार. पात्रं पुष्कळ असतील तर पहिल्या तासात नाव आणि नातं एवढंच एका चिठ्ठीवर टिपून ठेवा, पुढचा गोंधळ टळतो. आणि संक्षिप्त आवृत्ती तर नाही ना, हे तपासाच. 300 पानांची कादंबरी 3 तासांत संपत असेल तर कात्री चाललेली आहे.

सेल्फ-हेल्प ऐकायचंच असेल तर प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण आधी ऐका. एवढ्यात पुस्तकाचा गाभा कळला नाही तर मधली प्रकरणं फारसं काही देणार नाहीत. पुढे दिवसाला एकच प्रकरण. झोपेच्या टायमरमध्ये 'प्रकरण संपेपर्यंत' हा पर्याय असतो, तो लावा म्हणजे पुढचं आपोआप सुरू होत नाही. मग एक ओळ लिहा: उद्या कधी, कुठे, काय करणार. दोन-तीन दिवसांनी तेवढंच प्रकरण पुन्हा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने 1885मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरतं, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एकाच बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त कामाची ठरते. महिन्याला आठ पुस्तकं संपवणाऱ्यांच्या यादीत उजळणीला जागाच नसते. (या प्रकारात लेखकानेच वाचलेलं असेल तर उत्तम, त्याला कुठे जोर द्यायचा ते माहीत असतं. कादंबरीकाराने स्वतःची कादंबरी वाचणं हा मात्र जुगार आहे.)

संगणकी आवाज सेल्फ-हेल्पला चालतील, कथेला नाहीत. मराठीत तर 'जरा थांब' मधलं जरा आणि म्हातारपणाची जरा लिहायला एकच, उच्चार वेगळे. यंत्र तिथे ठेच खाऊ शकतं, आणि उपरोध तर त्याला कळतच नाही.

ऐकताना हात गुंतलेले असावेत, भाषा मोकळी असावी. कपड्यांच्या घड्या, इस्त्री, ओळखीच्या रस्त्यावरचं चालणं ठीक. ईमेल लिहिताना किंवा हिशेब करताना ऐकलेलं प्रकरण फुकट जातं. मागे जायचं बटण 30ऐवजी 10 किंवा 15 सेकंदांवर ठेवा, नाहीतर एक शब्द चुकला म्हणून पाव पान पुन्हा ऐकावं लागतं. गोंगाटात आवाज वाढवत नेण्यापेक्षा कानात घट्ट बसणारे इअरफोन घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास आहे, आणि आवाज दर 3 डेसिबलने वाढला की तो वेळ निम्मा होतो.